सहकाराच्या नावाने वाळीत

सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेला नेमाने जाणाऱ्या माणसाला विषयपत्रिकेतील शेवटचा विषय पाठ असतो : 'माननीय अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. तोवर मागील सभेचे इतिवृत्त कायम झालेले असते, ताळेबंद व नफातोटा पत्रक 'मंजूर, मंजूर' अशा गजरात न वाचताच पार पडलेले असते, लेखापरीक्षकाने काढलेले दोष दप्तरात निजलेले असतात आणि मंडपाच्या मागल्या अंगाला चहाच्या पिंपाभोवती गर्दी जमू लागलेली असते. नेमक्या या घटकेला एक सूचक उठतो, मागोमाग एक अनुमोदक उठतो, आणि संस्थेच्या हितास बाधा आणणाऱ्या अमुक सभासदास संस्थेतून काढून टाकावे असा ठराव वाचला जातो. ज्याच्याविषयी ठराव असतो तो बोलायला उभा राहिला, की ध्वनिक्षेपक बिघडतो. दुसऱ्या दिवशी इतिवृत्तात 'ठराव सर्वानुमते मंजूर' एवढे तीन शब्द उमटतात आणि एक माणूस सहकारातून उठवला जातो.

त्या माणसाने केलेले असते तरी काय? तिजोरी फोडलेली नसते. बहुधा त्याने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ चा आधार घेऊन हिशेबाच्या नकला मागितलेल्या असतात, किंवा कलम ८३ खाली चौकशी व्हावी म्हणून गावोगाव सह्या गोळा केलेल्या असतात. साखर कारखान्याचा सभासद असेल, तर अध्यक्षांच्या पॅनेलविरुद्ध उमेदवारी अर्ज भरण्याचे धाडस त्याच्या हातून घडलेले असते. गृहनिर्माण संस्थेतला असेल, तर पुनर्विकासाचा ठेका कोणाला आणि का दिला, असे विचारण्याचा उद्धटपणा त्याने केलेला असतो. ज्या कायद्याने त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार दिला, त्याच कायद्यातील दुसरे कलम त्याच्या गळ्याला लावण्यात येते, आणि या व्यवहाराला 'संस्थेची शिस्त' असे भारदस्त नाव मिळते.

मूळ कायदा इतका अविचारी नाही, ही गोष्ट आधी नीट ध्यानात घ्यायला हवी. १९६० च्या अधिनियमातील कलम ३५ हे सभासदाच्या हकालपट्टीचे कलम. संस्थेच्या हिताला किंवा तिच्या सुरळीत कारभाराला अपायकारक अशी कृत्ये करणाऱ्या सभासदाला काढून टाकण्याचा अधिकार ते संस्थेला देते. पण तो संचालक मंडळाच्या हाती देत नाही, सर्वसाधारण सभेच्या हाती देतो. तीही त्या प्रयोजनासाठी भरवलेली सभा हवी. सभेत हजर असलेल्या, मताचा हक्क असलेल्या सभासदांपैकी किमान तीन चतुर्थांश सभासद ठरावाच्या बाजूचे हवेत. त्या सभासदाला सभेपुढे आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळालेली हवी. नाही तर ठरावच अवैध. आणि एवढे सारे झाल्यावरही निबंधकाच्या मान्यतेशिवाय ठराव अंमलात येत नाही. १९६१ च्या नियमांतील नियम २९ आणखी बजावतो की, ज्याला काढायचे त्याला आधी नोटीस द्यावी आणि त्या नोटिशीनंतर एक महिना उलटल्याखेरीज ही सभा भरवू नये. 'आयत्या वेळच्या विषयां'त उरकलेल्या हकालपट्टीला या व्यवस्थेत तसूभरही जागा नाही. तशा ठरावाची किंमत ज्या कागदावर तो लिहिला त्या कागदाइतकीही नाही.

या तरतुदीतील तीन चतुर्थांशाचा हिशेब बारकाईने पाहण्याजोगा आहे. तो मतदान करणाऱ्यांच्या संख्येवर होत नाही, हजर असणाऱ्यांच्या संख्येवर होतो. सभेला चारशे सभासद हजर असतील, तर ठरावाच्या बाजूने तीनशे हात वर व्हावे लागतात. दोनशे नव्वद हात वर झाले आणि उरलेले एकशे दहा सभासद भीतीने म्हणा, संकोचाने म्हणा, मान खाली घालून बसून राहिले, तरी ठराव फेटाळला जातो. गावगाड्यात ज्याला उघड विरोध करण्याची ताकद नाही, त्याचे नुसते बसून राहणेही कायद्याने अन्याय रोखणारे मानले आहे. कायदा करणाऱ्यांना खेड्यातील दडपण ठाऊक होते, याची ही खूण. म्हणूनच सभेत हात मोजले जाऊ नयेत यासाठी इतका आटापिटा चालतो. मोजणी झाली तर ठराव पडेल, हे अध्यक्षांना पुरते कळते. सबब मोजणीच्या जागी टाळ्या येतात.

पण हाच कायदा दोन पावलांवर जाऊन आपलेच शहाणपण विसरतो. संस्थेने पाठवलेल्या ठरावाला मान्यता दिली की नाकारली, हे निबंधकाने तीन महिन्यांच्या आत संस्थेला कळवावे, आणि न कळवल्यास ठराव अंमलात आला असे समजावे, अशी पुस्ती कलम ३५ ला जोडलेली आहे. सभेत गप्प बसलेला शेतकरी हकालपट्टीच्या विरुद्ध मोजला जातो. कचेरीत गप्प बसलेला निबंधक हकालपट्टीच्या बाजूने मोजला जातो. एक फाइल टेबलाखाली सरकवण्यासाठी याहून सोपे निमित्त कोणत्या अधिकाऱ्याला हवे? सही केली तर कारणे द्यावी लागतात, सुनावणी घ्यावी लागते, वर अपिलात आपला आदेश टिकेल की नाही याची धाकधूक. काहीच न केले तर यातले काहीच नाही, आणि स्थानिक आमदारही खूश. ज्या मान्यतेला कायद्याने सभासदाची ढाल म्हटले, ती ढाल एका कारकुनाच्या आळसाने गळून पडते.

सभासदत्व गेल्याने असे काय मोठे बिघडते, असा प्रश्न शहरी सुशिक्षितांकडून वरचेवर ऐकू येतो. क्लबातून काढले तर माणूस दुसऱ्या क्लबात जातो, असे त्यांना वाटत असावे. गावातल्या विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थेतून, म्हणजे ज्याला शेतकरी नुसते 'सोसायटी' म्हणतो तिच्यातून, निघालेल्या माणसाला ही उपमा सांगून पाहावी. जिल्हा मध्यवर्ती बँकेचे पीककर्ज त्याच्यापर्यंत पोचते ते या सोसायटीमार्फत. सोसायटी तुटली की मृगाच्या तोंडाशी बियाण्याला आणि खताला पैसा कोठला? कलम ३५ चे दुसरे पोटकलम तर त्याहून पुढे जाते. हकालपट्टी झालेल्या माणसाला त्याच संस्थेत एक वर्ष परत घेता येत नाही. इतकेच नव्हे तर दुसऱ्या कोणत्याही संस्थेतही वर्षभर सभासद होता येत नाही, निबंधकाने खास परवानगी दिली तरच सुटका. एक वर्ष हा शब्द मुंबईच्या कचेरीत लहान वाटतो. कोरडवाहू शिवारात त्याचा अर्थ एक खरीप आणि एक रब्बी. तेवढ्या मुदतीत सावकाराच्या वहीत गेलेले नाव किती वर्षांनी बाहेर येते, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायला नको. शिवाय हकालपट्टीबरोबर त्याचे भागही जप्त होऊ शकतात, अशी नियमांत सोय आहे. पोटाला चिमटा काढून भरलेले भागभांडवल, आणि तेच दंडाच्या रूपाने गिळंकृत.

कोकणच्या किनाऱ्यावर मच्छीमार संस्थेतून काढलेल्या नाखव्याची गत निराळी नाही. डिझेलवरील कराचा परतावा त्याला मिळतो तो संस्थेच्या वाटेने. तळ्याचा ठेका संस्थेच्या नावे असेल, तर संस्थेबाहेरच्या भोयाला त्या पाण्यात जाळे टाकता येत नाही, मग त्याचे आजोबा त्याच तळ्यावर जगलेले असोत. साखर कारखान्याच्या सभासदाला दिवाळीची सवलतीची साखर मिळेनाशी होते, ही त्यातली सर्वांत हलकी शिक्षा. खरी शिक्षा तोडणीच्या पाळीत असते. टोळी येत नाही, उसाला तुरे फुटतात, वजन घटते, आणि बांधावर उभा राहून माणूस चिटबॉयची वाट पाहतो. ज्याला वाळीत टाकायचे त्याचा ऊस आधी वाळवतात.

'वाळीत' हा शब्द येथे अलंकार म्हणून आलेला नाही. मराठी मुलखाला ही शिक्षा नवी नाही. तिचा एक थोर प्रसंग मात्र उलट्या दिशेचा आहे. १८७४ साली शिरूर तालुक्यातील करडे गावच्या कुणब्यांनी सावकारावर बहिष्कार घातला. त्याच्या घरचे काम बंद झाले, न्हावी-परीटही जाईनात. पुढल्या वर्षी मे महिन्यात सुप्याला जो वणवा पेटला आणि ज्याला इतिहासात दख्खनचे दंगे म्हणतात, त्याची ठिणगी ही. तेथे दुबळ्यांनी बळवंताला वाळीत टाकले होते. सहकारी चळवळ ज्या कर्जबाजारीपणावर उतारा म्हणून १९०४ च्या कायद्याने या देशात आली, तो कर्जबाजारीपणा जगापुढे मांडण्यात या घटनांचा वाटा मोठा होता. आज त्याच चळवळीच्या गादीवर बसलेले बळवंत दुबळ्याला वाळीत टाकतात, आणि तो दुबळा फिरून सावकाराच्या ओसरीवर जाऊन बसतो. दीडशे वर्षांच्या वाटचालीचे हे फळ.

धर्माच्या नावाने होणाऱ्या बहिष्काराविरुद्ध मुंबई राज्याने १९४९ साली कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी तो सर्वोच्च न्यायालयात नेला आणि १९६२ मध्ये तो रद्द करवून घेतला. पुढे २०१६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवणारा कायदा केला, आणि जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध झगडणाऱ्या कार्यकर्त्यांच्या कष्टाचे चीज झाले. विधानसभेच्या दोन्ही बाजूंच्या बाकांनी तेव्हा मोठ्या पुरोगामीपणाची भाषणे केली. त्यातल्या किती वक्त्यांच्या ताब्यातील संस्थांत त्याच साली सभासद काढण्याचे विषय चालू होते, हे कोणी विचारले नाही. जातपंचायतीने माणसाचा हुक्का-पाणी तोडला तर गुन्हा. संचालक मंडळाने त्याचे कर्ज-पाणी तोडले तर सहकाराची स्वायत्तता!

कलम ३५ मध्ये तीन चतुर्थांशांची अट आहे, सुनावणी आहे, मान्यता आहे. चतुर माणसाला एवढे अडथळे नकोसे वाटणारच. म्हणून आता समोरच्या दाराने जाण्याऐवजी परसदाराने जाण्याची विद्या विकसित झाली आहे. पहिले परसदार कलम २५अ चे. जो सभासद राहिलेला नाही किंवा राहण्यास अपात्र ठरला आहे, त्याचे नाव समितीने नोंदवहीतून काढावे, असे हे कलम सांगते. हेतू साधा : जमीन विकून गाव सोडून गेलेल्याचे नाव यादीत राहू नये. पण 'अपात्र' कोणी ठरवायचे? कार्यक्षेत्रात जमीन नाही, शेतकरी नाही, अशा शेऱ्यांनी एका फटक्यात शेकडो नावांवर रेघ मारता येते. सभा नको, हात मोजणे नको, बचावाचे भाषण नको. हकालपट्टी हा शब्दही उच्चारावा लागत नाही. नुसती 'यादी अद्ययावत' होते. माणूस शेतकरी आहे की नाही, कार्यक्षेत्रातला आहे की नाही, याचा निर्णय देण्याचा अधिकार कलम ११ ने निबंधकाला दिला आहे. पण तो निर्णय होईपर्यंत निवडणुकीची मतदारयादी लागलेली असते. साखर कारखान्यांच्या अशा याद्यांचे तंटे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत वारंवार गेले, ते उगीच नव्हे.

आणि या शुद्धीकरणाच्या उत्साहात एक गंमत कायम राहते. जिवंत विरोधकाचा सातबारा भिंगाखाली तपासणाऱ्या समितीला मेलेले सभासद मात्र दिसत नाहीत. मयत सभासदांची नावे वर्षानुवर्षे वहीत नांदतात. वारसांचे अर्ज गहाळ होतात, भाग हस्तांतराचे विषय पुढील सभेसाठी राखून ठेवले जातात. मृतांचे संस्थेच्या हिताला बाधा आणणारे वर्तन कधीच नसते, हे त्यांच्या सभासदत्वाच्या दीर्घायुष्याचे रहस्य असावे.

दुसरे परसदार घटनादुरुस्तीच्या पुण्याईने उघडले. ९७ वी घटनादुरुस्ती २०११ ची. तिने सहकारी संस्था स्थापन करण्याच्या हक्काला अनुच्छेद १९ मध्ये मूलभूत हक्काचे स्थान दिले, ही तिची थोरवी. तिला अनुसरून महाराष्ट्राने २०१३ मध्ये आपला कायदा बदलला आणि 'क्रियाशील सभासद' ही जात निर्माण केली. पाच वर्षांत एकदा तरी सभेला हजर राहिला नाही आणि उपविधींत ठरवलेल्या किमान सेवा घेतल्या नाहीत, तर सभासद अक्रियाशील. अक्रियाशील झाला की मताचा हक्क गेला. आणि पुढल्या पाच वर्षांतही सुधारला नाही तर हकालपट्टीस पात्र. ऐकायला हे शिस्तीचे वाटते. पण सभेची नोटीस ज्याला पोचतच नाही, ज्याचा ऊस कारखाना नेतच नाही, ज्याला कर्ज नाकारले जाते, तो किमान सेवा घेणार कशी? आधी पाण्यावाचून ठेवायचे आणि मग हा तहानेने मेला म्हणून त्याला दोषी ठरवायचे, असा हा न्याय. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने या घटनादुरुस्तीचा सहकारी संस्थांविषयीचा नवा भाग राज्यांतील संस्थांपुरता रद्द केला, कारण निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीच घेतलेली नव्हती. पण तिच्या बोटाला धरून आत आलेल्या या कल्पनेचा मोह सत्ताधाऱ्यांना त्यानंतरही सुटला नाही.

तिसरे दार सर्वांत रुंद आहे. संस्थेचे कार्यक्षेत्र शेजारच्या राज्यातल्या दोनचार गावांपर्यंत ताणायचे आणि तिला बहुराज्य संस्था करून टाकायचे. मग १९६० चा महाराष्ट्राचा कायदा सुटला आणि २००२ चा केंद्राचा लागू झाला. त्यातील कलम ३० मध्ये हकालपट्टीला दोन तृतीयांश बहुमत पुरते, आणि तेही हजर राहून मत देणाऱ्यांचे. म्हणजे मान खाली घालून बसणाऱ्याची किंमत शून्य झाली. निबंधकाच्या मान्यतेची अटही तेथे नाही. तंटा झालाच तर सहकार न्यायालय नाही, केंद्रीय निबंधकाने नेमलेला लवाद. मिरजेच्या किंवा जतच्या शेतकऱ्याने दिल्लीच्या कचेरीशी पत्रव्यवहार करावा, ही यातील अपेक्षा! ज्या सभासदांनी संस्था बहुराज्य करण्याच्या ठरावाला 'मंजूर, मंजूर' म्हटले, त्यांनी आपल्याच हातांनी आपली कवाडे काढून दिली, हे त्यांना कळलेही नसेल.

या साऱ्याविरुद्ध न्यायालय आहे ना, असे म्हटले जाते. आहे, आणि त्याचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. योगायोग असा की, संस्थेतून माणसाला काढण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा जो निर्णय आजही आधारभूत मानला जातो, तो बेळगावच्या एका मेसॉनिक लॉजच्या तंट्यातला आहे, १९६३ च्या निर्णयसंग्रहातला. सभासदाला नियमांत सांगितलेल्या रीतीनेच काढता येते. संस्थेने नियम काटेकोरपणे पाळले पाहिजेत. अधिकाराबाहेर जाऊन, वाईट हेतूने किंवा नैसर्गिक न्यायाला डावलून ठराव केला तर न्यायालय तो मोडून काढील. येथवर ठीक. पण त्याच निर्णयात हेही आहे की, अशा संस्थेच्या निर्णयावर अपील ऐकावे तसे न्यायालय बसणार नाही. याचा व्यवहारी अर्थ साखरसम्राटांच्या वकिलांनी केव्हाच ताडला. नोटीस रजिस्टर टपालाने, एक महिन्याची मुदत, सभेचे चित्रीकरण, पाच मिनिटांचे बचावाचे भाषण, तीन चतुर्थांशांची सह्यांसह यादी. एवढे कागद शिस्तीत लावले की अन्यायाला कायद्याचे कातडे पांघरता येते. रीत बिनचूक असली की आतला द्वेष कोर्टाला दिसत नाही. आणि रीत चुकली म्हणून सभासद जिंकलाच, तर त्याचे नाव वहीत परत येते. उभ्या उसाचे वाळलेले वजन परत येत नाही.

अपिलाची वाट तर अधिकच मासलेवाईक. कलम ३५ खालील आदेशाविरुद्ध कलम १५२ प्रमाणे दोन महिन्यांत अपील करता येते. आदेश दुय्यम अधिकाऱ्याचा असेल तर ते निबंधकाकडे. निबंधकाचाच असेल तर राज्य शासनाकडे. राज्य शासन म्हणजे व्यवहारात सहकारमंत्री. महाराष्ट्राचा सहकारमंत्री हा बहुधा कोणत्या तरी कारखान्याचा, बँकेचा किंवा दूध संघाचा पुढारी असतो, हे सांगायला संशोधन नको. ज्या अध्यक्षाने माणूस काढला तो आणि ज्या मंत्र्यापुढे अपील चालायचे तो, हे एकाच पंगतीतले. कधी एकमेकांचे सोयरेही. अशा न्यायासनापुढे उभा राहिलेला शेतकरी मुंबईच्या एस.टी.चे भाडे तरी वाचवील तर शहाणा ठरेल.

स्वायत्ततेचा युक्तिवाद मात्र सोडून देता येणार नाही, कारण तो प्रामाणिक माणसेही करतात आणि समाजवादी चळवळीतल्यांनीच तो सर्वांत आधी केला. सहकारी संस्था ही सरकारी खाते नव्हे. तिच्या सभासदांनी आपले घर आपण चालवावे. निबंधकाने पदोपदी नाक खुपसू नये. ही भूमिका योग्यच आहे. विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा कारखाना उभारला, तेव्हा त्यांच्यापुढे व्यापारी, दलाल आणि खाजगी कारखानदार उभे होते. सभासद म्हणून आत शिरून संस्था आतून पोखरणाऱ्याला बाहेर काढण्याची मुभा नसेल, तर कोणतीही दुबळ्यांची संस्था टिकणार नाही. मजूर सहकारी संस्थेत ठेकेदाराने आपले बाहुले सभासद घुसवले, विणकरांच्या संस्थेत सूतव्यापारी शिरला, तर त्यांना घालवलेच पाहिजे, आणि तेही त्वरेने. हकालपट्टीचे कलम पुसून टाका, अशी मागणी करणे म्हणजे या संस्थांचा घात करणे होय.

पण स्वायत्तता कोणाची, हा प्रश्न उरतोच. ज्या संस्थेत वीस-वीस वर्षे एकाच घराण्याकडे अध्यक्षपद आहे, जिच्या नोकरवर्गात अध्यक्षांच्या गावचीच भरती आहे, तिची स्वायत्तता ही सभासदांची नसून मालकाची आहे. सरकारी हस्तक्षेप नको म्हणणारे हेच मालक भागभांडवल शासनाकडून घेतात, कर्जाला शासनाची हमी घेतात, आणि कर्ज थकले की पुनर्वसनाचे पॅकेज मागायला मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवतात. सरकारच्या पैशाला स्वायत्ततेचे वावडे नाही. फक्त सभासदाला संरक्षण देणाऱ्या सरकारच्या सहीचे आहे. कलम २३ सांगते की, पुरेशा कारणावाचून पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येत नाही. आत येण्याचे दार जर मालकाच्या मर्जीवर ठेवलेले नाही, तर बाहेर घालवण्याचे दार त्याच्या मर्जीवर कसे ठेवता येईल?

या टीकेतून पुरोगामी म्हणवणाऱ्यांची सुटका नाही. कामगार संघटनांनी चालवलेल्या पगारदार नोकरांच्या पतसंस्था घ्या. प्रतिस्पर्धी युनियनमध्ये गेलेल्या कामगाराला 'संस्थेच्या हितास बाधक' ठरवण्याचा मोह लाल-तिरंग्या दोन्ही झेंड्यांखाली झालेला आहे. शिक्षकांच्या पतपेढ्यांत पॅनेलचे राजकारण कोणत्या थराला जाते, हे त्या व्यवसायातील कार्यकर्त्यांना विचारावे. आपल्या बाजूचा असेल तेव्हा तीन चतुर्थांश बहुमत म्हणजे लोकशाही आणि विरुद्ध बाजूचा असेल तेव्हा झुंडशाही, ही दुटप्पी भाषा टाकून दिल्याशिवाय साखरसम्राटांवर उगारलेले बोट स्थिर राहणार नाही. डॉ. लोहियांनी पक्षातून निघण्याचा आणि काढले जाण्याचा अनुभव १९५५ मध्ये स्वतः घेतला होता. त्या वारशातील लोकांना तरी बहुमताच्या शिस्तीतला धोका नव्याने शिकवावा लागू नये.

विधिमंडळात मागणी कशाची करायची, तेही अवघड नाही. निबंधकाच्या मौनाला मान्यता समजण्याची पुस्ती उलटी करावी : तीन महिन्यांत कारणांसह मान्यता आली नाही, तर ठराव रद्द समजावा. हकालपट्टीचे मतदान गुप्त असावे. शिपाई-मुकादमांच्या देखत वर केलेला हात स्वतंत्र नसतो. अपिलाचा निकाल लागेपर्यंत सभासदाचे कर्ज, तोडणीची पाळी आणि मत कायम राहावे. अपील मंत्र्याकडून काढून सहकार न्यायालयाकडे सोपवावे, तेही मुदत ठरवून. पन्नासांहून अधिक नावे एकाच वेळी कमी करायची असतील, तर कलम २५अ चा वापर सर्वसाधारण सभेशिवाय होऊ नये आणि निवडणुकीच्या वर्षात तर मुळीच होऊ नये. आणि वर्षभर दुसऱ्या कोणत्याही संस्थेत प्रवेश नाही, ही जी बंदी आहे ती सेवा सोसायटीच्या पीककर्जापुरती तरी उठवावी. गुन्हेगाराचेही शेत नांगरण्याचा हक्क कायदा काढून घेत नाही. यातल्या एकाही मागणीला तिजोरीतून पैसा लागत नाही. म्हणूनच ती मान्य होणे कठीण आहे, कारण पैशाची सबब सांगून नाकारता येत नाही आणि खरे कारण सांगता येत नाही.

कायदा बदलेपर्यंत तालुक्या-तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या हाती जे आहे तेही थोडे नाही. संस्थांच्या वार्षिक सभा दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत व्हाव्या लागतात. श्रावण-भाद्रपदात गावोगाव मंडप पडतात. सभेची नोटीस ज्यांना पोचली नाही त्यांची नावे त्याच आठवड्यात लेखी घेऊन सहायक निबंधकाकडे पोच घेऊन द्यावीत. सभेच्या आरंभीच हजर सभासदांचा आकडा मोठ्याने वाचायला लावावा आणि तो इतिवृत्तात लिहवून घ्यावा, कारण तीन चतुर्थांशाचा सारा हिशेब त्या एका आकड्यावर उभा आहे. हकालपट्टीचा ठराव पुढे आला, की 'नोटीस कोणत्या तारखेची?' एवढाच प्रश्न उठून विचारावा. उत्तर न आल्यास विरोध नावानिशी नोंदवण्याचा आग्रह धरावा. ठराव निबंधकाकडे गेल्याची तारीख कळताच तीन महिने मोजायला लागावे, आणि हरकतीचा अर्ज पहिल्या पंधरवड्यातच दाखल करून त्यावर आवक क्रमांक घालून घ्यावा. आवक क्रमांक पडलेल्या अर्जाकडे काणाडोळा करणे कोणत्याही निबंधकाला जड जाते. आणि ज्या माणसाला काढले, त्याच्या शेतावर पेरणीच्या दिवशी सोसायटीतले दहा सभासद बैल घेऊन जावेत.